शेवटचे तीन ठिपके

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप, रिक्षाचं मीटर, परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याला आलेला ताप, यांतल्या कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. माझे मिस्टर हारिस यांचं गुलमंडीला चष्म्यांचं दुकान आहे. ते म्हणतात, "सगीरा, तेरे कू तो हर आदमी चोर दिखता." मी म्हणते, फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला तसंच दिसलं पाहिजे. निसर्ग सरळ उत्तर देत नाही आणि माणसं तर त्याहून देत नाहीत.

मी शहरातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात काम करते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात त्याचा काही दोष नाही. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, चार कॉम्प्युटर आहेत आणि वीज गेली की केकाटणारा एक यूपीएस आहे. एवढ्या सामानावर आम्ही विश्वाच्या पहिल्या क्षणाचा अभ्यास करतो. हसू नका, खरंच करतो.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली शिशाची अणुकेंद्रं जवळपास प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवतात. त्या धडकेत इतकी उष्णता तयार होते की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळतात आणि त्यांच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन निमिषभर मोकळे होतात. हा मोकळा पदार्थ वायूसारखा वागेल, कण एकमेकांची पर्वा न करता चारी दिशांना उधळतील, अशी बऱ्याच जणांची अटकळ होती. निघालं भलतंच. तो पदार्थ पातळ द्रवासारखा वाहतो, इतका सहज की पाणीसुद्धा त्याच्यापुढे चिकट वाटावं.

हे कळतं कसं? दोन गोल नान अर्धवट एकावर एक ठेवा. जिथे ते एकमेकांवर येतात तो भाग बदामाच्या आकाराचा असतो. अणुकेंद्रंही बहुतेक वेळा अशी अर्धवटच धडकतात. मधला बदाम वायूचा असेल तर कण सगळीकडे सारखे जातील. द्रवाचा असेल तर बदामाच्या अरुंद बाजूला दाब जास्त रेटतो आणि त्या दिशेने जास्त कण बाहेर पडतात. हे जे जास्तीचं निघतं त्याला आम्ही प्रवाह म्हणतो आणि तो मोजणं हा माझा धंदा आहे. प्रयोगवाले काही वर्षांनी जुना डेटा सगळ्या जगासाठी खुला करतात. त्यावर आमच्यासारखे लहान लोक जगतात.

सात वर्षांपूर्वी माझा एक शोधनिबंध छापून आला. धडक दाट असेल तर हजारो कण निघतात, ओझरती असेल तर जेमतेम वीस-पंचवीस. दाट धडकांपासून ओझरत्या धडकांपर्यंत प्रवाह कसा बदलतो, याचा माझा एक आलेख होता. त्यावर बारा ठिपके होते. शेवटचे तीन ठिपके अगदी ओझरत्या धडकांचे, आणि ते खाली यायच्या ऐवजी वर चढले होते. म्हणजे थेंब कितीही लहान असला तरी तो द्रवच, असं माझं म्हणणं. त्या तीन ठिपक्यांवर मला बढती मिळाली, पुण्याला व्याख्यानाला बोलावलं, आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यायला लागले.

आमच्याकडे तेव्हापासून एक नियम आहे. नव्या विद्यार्थ्याने आधी माझा हा आलेख स्वतः काढून दाखवायचा. डेटा खुला आहे, तो घ्यायचा. प्रोग्राम स्वतःचा लिहायचा. माझा प्रोग्राम कुणालाही बघायला मिळणार नाही, तो मी पासवर्ड घालून ठेवलेला. लोक काय काय चोरतात हे मी बघितलेलं आहे. आलेख माझ्या आलेखाशी जुळला की त्याला विषय मिळणार. सुदर्शनला जुळवायला पाच महिने लागले. तो माझा पहिला विद्यार्थी, आता पैठणच्या एका कॉलेजात प्राध्यापक आहे. नंतरच्या सदफला चार महिने लागले. आणि मग पिशोरहून विश्वजीत आला.

विश्वजीत हा बोलायला कमी, उंचीने जास्त आणि मान कायम खाली घालून चालणारा मुलगा. त्याचे वडील कडूबा पिशोरला शेती करतात. त्याला आठ महिने लागले. दर वेळी आलेख आणायचा तेव्हा नऊ ठिपके बिनचूक जुळलेले आणि शेवटचे तीन खाली आपटलेले. मी म्हणायचे, "चुकतोयस तू. शोध." तो काहीतरी पुटपुटायचा, मी म्हणायचे, "आधी चूक शोध, मग बोल." मग जानेवारीत एक दिवस बाराच्या बारा ठिपके जुळले. मी त्याला विषय दिला, क्रांती चौकातून मागवून इमरती खाऊ घातली. त्याने एकच खाल्ली. मला तेव्हाच खटकलं होतं. आठ महिन्यांची मेहनत फळाला आलेला माणूस एवढा पडलेला चेहरा करत नाही.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. मी खोलीत शिरले की हा स्क्रीन बदलायचा. फोन आला की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बोलायचा. मार्चमध्ये पुण्याच्या एका प्राध्यापकांनी मला फार गोडीने विचारलं, "तुमचा तो विश्वजीत काय म्हणतोय?" तुमचा तो विश्वजीत! त्यांना त्याचं नाव कुठून माहीत? आमचं काम हा पुण्याला पोहोचवतो आहे, असं माझ्या मनाने घेतलं. घेतलं ते घेतलंच.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी तो म्हणाला, "मॅडम, उद्या-परवा पिशोरला चाललो. मका सोंगायचीय. बा एकटाच हाय."

कापणीचे दिवस होते, मी हो म्हटलं. रविवारी आमच्याकडे आठ दिवसांनी नळाला पाणी येणार होतं, त्यामुळे मी घरातून हलणार नव्हते, हेही त्याला ठाऊक असणार. सोमवारी सकाळी चावी घ्यायला गेले तेव्हा सहज रजिस्टर चाळलं. सहज म्हणते आहे, पण मी दर सोमवारी चाळते. रविवार, सकाळी नऊ ते दुपारी चार, आमच्या खोलीची चावी, सही विश्वजीत.

"पुंजाराम," मी शिपायाला विचारलं, "काल हा इथे होता?"

"व्हय की मॅडम. दर ऐतवारी असतो. चहा बी मीच देतो त्याला." पुंजारामने वर कौतुकही केलं. "लई मेहनती पोरगं हाय."

दर रविवारी! माझ्या पायाखालची फरशी हलली, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं. संशय खरा ठरला की संशयी माणसाला जे बरं वाटतं तसं.

तो आला तेव्हा मी विचारलं, "मका झाली?"

"झाली, मॅडम," तो म्हणाला. मान खाली.

त्या शुक्रवारी त्याचा सहामाही प्रगती अहवाल समितीकडे जायचा होता. त्यावर मार्गदर्शक म्हणून माझा शेरा आणि सही. शेरा समाधानकारक असला तर पुढे चालू, 'असमाधानकारक' असला तर विचारणा, आणि 'फेरफार' हा शब्द आला तर नोंदणी रद्द. पुन्हा कुठेही घेणार नाहीत. माझ्या हातात तेवढी ताकद होती आणि ती मला जाणवत होती.

सोमवारी दुपारी मी सुदर्शनला फोन लावला. आडून विचारलं, की विश्वजीत तुझ्या संपर्कात आहे का.

"अधूनमधून फोन करतो," सुदर्शन म्हणाला.

"काय विचारतो?"

"काही नाही, असंच. जुन्या आलेखाबद्दल." मग म्हणाला, "मॅडम, एक सांगू? त्याच्यावर लक्ष ठेवा. पोरगा जरा जास्तच खोलात शिरतो."

सुदर्शनचा आवाज बदलला होता. मला वाटलं, माझ्या काळजीने बदलला. मी त्याला म्हटलं, "तुझ्यासारखे विद्यार्थी आता मिळत नाहीत बघ." तास आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

मंगळवारी विश्वजीत बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल घ्यायला खाली गेला, तेव्हा मी त्याच्या कॉम्प्युटरवर बसले. केंद्रप्रमुख म्हणून मला तो अधिकार आहे. अधिकार नसता तरी बसले असते. त्याच्या कामात दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'मॅडम' आणि दुसऱ्याचं नाव 'खरं'.

मी दोनदा वाचलं. म्हणजे मॅडम एकीकडे आणि खरं दुसरीकडे.

'मॅडम'मध्ये जानेवारीचा तो आलेख होता, बाराच्या बारा ठिपके जुळलेला. 'खरं'मध्ये गेल्या दहा महिन्यांतले चौदा आलेख होते, शेवटचा परवा रविवारचा. चौदाही आलेखांत शेवटचे तीन ठिपके खाली. याचा अर्थ स्वच्छ होता. याला आलेख जुळवता आलाच नव्हता. जानेवारीत त्याने तो बनवला होता, मी इमरती खाऊ घातली होती, आणि हा पाठीमागे माझ्या आलेखावर खोटेपणाचा शिक्का मारत बसला होता. पुण्याच्या त्या प्राध्यापकांचं गोड बोलणं आता माझ्या नीट लक्षात आलं.

मी माझ्या टेबलाशी जाऊन शेरा लिहून काढला. 'विद्यार्थ्याने निष्कर्षांत फेरफार केल्याचे आढळून आले आहे. नोंदणी रद्द करण्याची शिफारस करत आहे.' दोन वाक्यं. सही तेवढी बाकी ठेवली, कारण सही करण्याआधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

बुधवारी सकाळी मी दार लावून घेतलं आणि त्याला समोर उभं केलं. दोन्ही आलेख छापून टेबलावर ठेवले होते.

"यातला कुठला तुझा?"

त्याने बघितलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण तो खोटं बोलला नाही, एवढं कबूल करते. "दोन्ही माझेच, मॅडम."

"आणि खरा कुठला?"

"खालचा. तीन ठिपके पडलेला."

"म्हणजे जानेवारीत तू मला बनवलेला आलेख दिलास."

"व्हय."

"आणि रविवारी मका सोंगत होतास."

"खोटं बोललो, मॅडम. मका बा नं एकट्यानंच सोंगली. मला तपासून बघायचं व्हतं. तुमच्यासमोर तपासता येत नव्हतं."

"काय तपासायचं होतं?"

"की तुमचा आलेख चुकलाय का."

मी सात वर्षांत कुणाच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "बोल. आता पूर्ण बोल. आकडे कसे बनवलेस ते सांग."

"आकडे नाय बनवले. एक ओळ काढली फक्त. कण सोताला वजा करायची ओळ. ती काढली आन् तुमच्याशी जुळलं."

कुठली ओळ ते मला सांगायची गरज नव्हती. ते मी दर वर्षी एम.एस्सी.ला शिकवते. धडकेत बदाम कुठल्या दिशेला आडवा होता हे आपल्याला दिसत नाही. ते बाहेर आलेल्या कणांवरूनच ठरवावं लागतं, सगळ्यांच्या दिशा मिळून एक दिशा काढायची. मग एकेक कण घ्यायचा आणि तो त्या दिशेने किती झुकलाय ते मोजायचं. पण ज्या कणाला मोजतो आहोत त्याला दिशा ठरवणाऱ्यांतून आधी बाहेर काढायचं. नाही काढलं तर तो स्वतःकडेच झुकलेला दिसणार आणि नसलेला प्रवाह दिसणार.

मी गप्प आहे असं बघून त्याला वाटलं मला समजलं नाही. तो समजवायला लागला. "मॅडम, दोन हजार मतदारांचं गाव असलं, आन् उमेदवारानं सोताचं मत सोताला दिलं, तर काय फरक पडतोय? पण नऊ मेंबरची ग्रामपंचायत असली आन् सरपंच निवडायचा असला, तर त्याचं एक मत लई झालं. दाट धडकंत कळतबी नाय. वीस कणांत मातुर..."

"मला शिकवतोस?"

"नाय, मॅडम."

"ही चूक मी करेन असं तुला वाटतं? ही शाळेतली चूक आहे."

"मला बी वाटलं नव्हतं. म्हणून तर ऐतवारी येत व्हतो. दुसऱ्या पद्धतीनं केलं. दिशा ठरवायला दूरच्या उपकरणातले कण घेतले, मोजायला मधले. म्हंजे सोताचं मत सोताला जायचा सवालच नाय. तिथंबी तीन ठिपके पडले. पुण्याच्या सरांना विचारलं मी, पद्धत बरोबर हाय का एवढंच. तुमचं नाव नाय काढलं."

"मला का नाही सांगितलंस?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलला. "तीनदा सांगितलं, मॅडम. तुम्ही म्हणलात, आधी चूक शोध, मग बोल."

मला आठवत होतं. पण आठवतंय असं मी दाखवलं नाही. मी विचारलं, "ती ओळ काढायची, हे तुला कुणी सुचवलं?"

"ते नाय सांगणार."

"मग नोंदणी गेली समज. अहवालात मी 'फेरफार' लिहिलंय."

"बा ला काय सांगू?" तो म्हणाला. मला विचारलं नव्हतं त्याने, स्वतःशीच बोलला होता. मग दार उघडून गेला. कणव आली का? आली. पण कणव आली की मला आणखी संशय येतो, की समोरचा ती आणायला बघतोय.

दुपारी, केवळ त्याचा खोटेपणा सिद्ध करायला, मी माझा जुना प्रोग्राम उघडला. सात वर्षांत उघडला नव्हता. पासवर्ड तिसऱ्या प्रयत्नात लागला. नऊशे ओळी होत्या. कणाला वजा करणारी ओळ मला माझ्या घराच्या पायरीसारखी पाठ होती आणि ती जिथे असायला हवी तिथेच होती. मी सुटकेचा श्वास टाकला. मग तिच्या डाव्या टोकाला दोन तिरक्या रेघा दिसल्या.

ओळीच्या आधी तशा दोन रेघा टाकल्या की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. पुढे माझ्याच इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलं होतं, 'तात्पुरतं बंद. मशीन फार स्लो.'

सगळं आठवलं. मे महिना होता, जुना कॉम्प्युटर होता, त्या ओळीमुळे एक फेरी संपायला तीन दिवस लागायचे. बाकीचा प्रोग्राम चालतो का हे पटकन बघायला मी ती बंद केली होती. चालला. आलेख आला, इतका देखणा की शेवटच्या तीन ठिपक्यांनी मला वेड लावलं. परत जाऊन ती उघडायची राहिली. आणि मग चोरी होईल म्हणून मी त्यावर कुलूप घातलं. कुणी बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडली असती.

माझा स्वभाव बघा. त्याही क्षणी मनात आलं की हे विश्वजीतने घुसून केलं असेल. मी फाईलची तारीख तपासली. शेवटचा बदल सात वर्षांपूर्वीचा. त्या दोन रेघा मी पुसल्या आणि प्रोग्राम चालवला. आताच्या मशीनला चाळीस मिनिटं लागली. नऊ ठिपके जागच्या जागी राहिले आणि तीन खाली आले, विश्वजीतच्या आलेखात होते तिथेच.

मी सुदर्शनला पुन्हा फोन लावला. या वेळी आडून विचारलं नाही. "तुझा आलेख पहिल्यांदा जुळला होता का?"

फोनवर पैठणच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "नाही."

"मग?"

"ती ओळ काढली की जुळायचा. मी पाच महिने डोकं फोडलं तेव्हा सापडलं. सदफला मी सांगितलं. विश्वजीतलाही मीच सांगितलं, तो रडकुंडीला आला होता. मॅडम, तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगावंच लागतं."

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांनाच."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार?" तो चटकन म्हणाला आणि मग त्याला त्याचंच वाईट वाटलं असावं. "जुळला नाही तर तू चुकला, असा नियम होता, मॅडम. आम्ही जुळवून दिलं." मग त्याने खरी गोष्ट काढली. "माझा प्रबंध त्याच्यावरच उभा आहे. मी गेल्या महिन्यात कायम झालो. आता हे उकरू नका. मी म्हटलं होतं ना, त्याच्यावर लक्ष ठेवा."

मी फोन ठेवला. ज्याने जुळवून दिलं तो माझा आवडता विद्यार्थी होता, आणि ज्याला जुळवून दिलेलं पचलं नाही त्याच्या नावापुढे मी 'फेरफार' लिहिलं होतं. एवढी सगळ्यांवर नजर ठेवणारी मी, आणि सात वर्षं माझ्याच खोलीत माझी पोरं मला हवं ते वाढून देत होती. मला इतकी लाज वाटली की दिवा लावायलाही उठवेना.

टेबलावर दोन वाक्यांचा शेरा पडला होता. खाली सही केली की संपलं असतं. विश्वजीत गेला असता, सुदर्शन गप्प राहिला असता, ते तीन ठिपके माझ्या रिटायरमेंटपर्यंत टिकले असते. तसं करायचा विचार मी केला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पाऊण तास केला. घरी गेल्यावर हारिसना सांगितलं. ते चष्म्याची काडी बसवत होते. म्हणाले, "नंबर गलत निकला तो चष्मा वापस लेना पडता. मैं तो रोज लेता." आणि काडीचा स्क्रू शोधायला लागले.

गुरुवारी सकाळी मी जुना शेरा फाडला. नवा लिहिला: विद्यार्थ्याचं काम उत्तम आहे; जानेवारीतला त्याचा आलेख चुकीचा होता, कारण तो माझ्या चुकीच्या आलेखाशी जुळवायची सक्ती मी केली होती; विद्यार्थ्याने ती चूक दाखवून दिली आणि दोन पद्धतींनी तपासली. ज्या नियतकालिकाने माझा निबंध छापला होता त्याला दुसरं पत्र लिहिलं, की प्रोग्रामची एक ओळ बंद राहिली होती, ती चूक विश्वजीतने दाखवली आणि निबंध मी मागे घेते आहे. दोन्ही कागदांवर सही केली. सुदर्शनच्या नावे मला तिसरा कागद लिहावा लागणार होता, की मी तुझ्याबरोबर उभी राहीन पण गप्प राहणार नाही. तो लिहायला हात उचलेना, म्हणून आधी विश्वजीतला बोलावलं.

तो येताना पिशवी घेऊनच आला. टेबलाचा कप्पा रिकामा केला असावा. मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने उभ्यानेच वाचले, बोट ओळीवर ठेवून, सावकाश. मला वाटलं होतं तो रडेल, किंवा पाया पडायला वाकेल आणि मी नको नको म्हणेन. मनातल्या मनात मी ते नको नको म्हणूनही ठेवलं होतं.

त्याने कागद परत टेबलावर ठेवले. "मॅडम, यात लिहिलंय एकच ओळ बंद व्हती."

"हो. नऊशे ओळींतली ती एक. मी काल बघितली. चालवूनही बघितला."

"एकच कशावरून?"

मी पत्र पुन्हा हातात घेतलं.

"नऊशे ओळी हायत म्हणता. सात वर्षं कुणी बघितल्या नायत." त्याचा सूर उद्धट नव्हता. साधा, सावध होता. "तुमच्या पत्रात माझं नाव हाय, मॅडम. उद्या आणखी एक चूक निघाली तर माझं नाव तिच्याखाली यील. मला सोता बघू द्या, मग पाठवा."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

त्याने टेबलावरच्या कागदांकडे बघितलं. माझं मन राखावं की खरं बोलावं, हे तो ठरवत असावा. "नाय, मॅडम," तो म्हणाला.

आधी संताप आला. अंगात उसळलाच. मग लक्षात आलं की या खोलीत सात वर्षांत कुणी मला पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं होतं, आणि तेही मला न आवडणारं. मी पासवर्ड टाकला, प्रोग्राम उघडला आणि खुर्चीतून उठले. तो बसला. पिशवी पायाशी ठेवली, खिशातून पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. मी त्याच्या पाठीशी उभी राहिले. कुठल्याशा ओळीपाशी मी सांगायला गेले, "हे मी असं केलंय कारण—"

"थांबा, मॅडम," तो म्हणाला. "सांगू नका. माझं मला बघू द्या."

मी गप्प बसले. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तो एकशे सत्तराव्या ओळीवर होता आणि त्याच्या कागदावर पेन्सिलीने दोन खुणा केलेल्या होत्या. त्या कशाच्या, हे त्याने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.